गुन्हेगाराला गावातनं हाकलायचं, पण कुठं? अमेरिकेत अंतराचा कायदा का फसला

बदलापूर किंवा कोपर्डीसारखी घटना घडली की मोर्चे निघतात, फाशीची मागणी होते. पण ज्यांना फाशी होत नाही, दहा-वीस वर्षांची सजा भोगून जे कधीतरी परत येतात, त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बोललंच तर एकच वाक्य ऐकू येतं : त्याला गावात पाऊल ठेवू देऊ नका.

अमेरिकेनं हे कायदा करून पाहिलं आहे. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसानं सुटल्यावर शाळा, पाळणाघर, बाग, मैदान यांच्यापासून ठरावीक अंतराच्या आत घर करायचं नाही, असे नियम तिथल्या अनेक राज्यांनी केले. कुठं हजार फूट, कुठं दोन हजार. फ्लोरिडा राज्याचा नियम हजार फुटांचा होता. मायामीच्या स्थानिक प्रशासनानं २००५ मध्ये शाळांपासून अडीच हजार फूट केलं.

ऐकायला बरं वाटतं. पण दोन हजार फूट म्हणजे सुमारे ६१० मीटर. शाळा मध्ये धरून चारी बाजूंनी एवढं अंतर मोजलं तर जवळपास २९० एकरांचा गोल होतो. आपल्याकडच्या मध्यम गावाचं सगळं गावठाण त्यात बसेल, वर मळ्यातल्या दोन वस्त्याही. दुसरा गोल अंगणवाडीभोवती काढायचा तो वेगळाच.

शहरात तर जागाच उरली नाही. कॅलिफोर्नियात २००६ साली लोकांनी मतदान करून दोन हजार फुटांचा कायदा आणला. सॅन डिएगो भागात अशा लोकांना भाड्यानं मिळू शकतील अशा इमारतींतली ९७ टक्क्यांहून जास्त घरं बाद झाली. पॅरोलवर सुटलेले कितीतरी जण रस्त्यावर आले. शेवटी २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं त्या भागापुरता हा सरसकट नियम घटनाबाह्य ठरवला.

मायामीत काय झालं ते तर जगानं पाहिलं. खाडीवर ज्युलिया टटल नावाचा मोठा पूल आहे. नियमात बसणारी दुसरी जागाच मिळेना, म्हणून सुटलेले गुन्हेगार या पुलाखाली राहायला लागले. पुढं तिथं शंभराहून जास्त जणांची वस्ती झाली. ना पाणी, ना संडास. पायातला जीपीएसचा पट्टा चार्ज करायला जनरेटर. काहींच्या लायसनवर पत्ता म्हणून चक्क पुलाचं नाव. २०१० मध्ये वस्ती उठवली, पण प्रश्न उठला नाही. काही वर्षांनी रेल्वे रुळाजवळ तसेच तंबू पडले.

भोगू देत की, असं कुणी म्हणेल. लेकराचं आयुष्य नासवणाऱ्याला पूल मिळाला काय आणि तुरुंग मिळाला काय! हा राग समजण्यासारखा आहे. गुन्हेगाराच्या हालांचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तरी त्यानं पोरं सुरक्षित झाली का, हा प्रश्न उरतोच.

त्याचं उत्तर आयोवा राज्यात मिळतं. आयोवा म्हणजे मका, सोयाबीन आणि डुकरं पाळणाऱ्यांचा मुलूख, गावं लहान. तिथं दोन हजार फुटांचा कायदा २००२ मध्ये झाला, कोर्टात अडकला आणि २००५ पासून प्रत्यक्ष लागू झाला. त्यानंतर ठावठिकाणा न लागणाऱ्या गुन्हेगारांचा आकडा दुपटीहून जास्त झाला. आधी पोलिसांना घर माहीत असायचं. आता कुणी पत्ता म्हणून हायवेवरचा थांबा सांगू लागला, कुणी काहीच सांगेना. हा कायदा बदला, अशी मागणी २००६ मध्ये कुणी केली? गुन्हेगारांच्या वकिलांनी नव्हे, तर आयोवाच्या सरकारी वकिलांच्या संघटनेनं. गुन्हेगाराला शिक्षा व्हावी म्हणून जे कोर्टात उभे राहतात, तेच म्हणत होते की यातनं संरक्षण मिळत नाही, उलट लोक गुन्हा कबूल करायला तयार होत नाहीत. २००९ मध्ये आयोवानं राहण्याची बंदी मोजक्या गंभीर गुन्ह्यांपुरती ठेवली आणि शाळा-वाचनालयाच्या आवारात शिरण्यावर, रेंगाळण्यावर बंधनं घातली. म्हणजे तो रात्री झोपतो कुठं यापेक्षा दिवसा फिरतो कुठं, याकडे लक्ष दिलं.

मिनेसोटा राज्याच्या तुरुंग खात्यानं २००७ मध्ये याहून बारीक काम केलं. सुटल्यावर पुन्हा लैंगिक गुन्हा करून तुरुंगात आलेल्या २२४ जणांच्या प्रकरणांत गुन्हा कुठं झाला, पीडितेशी ओळख कशी झाली, हे एकेक करून तपासलं. अंतराचा कायदा असता तर यातला किती जणांचा गुन्हा टळला असता? एकाचाही नाही. बहुतेकांनी शाळेजवळच्या घरातनं पोरं हेरली नव्हती. ओळख नात्यातनं, शेजारातनं, पोराच्या आईशी संबंध जोडून झाली होती.

आपल्याकडचं चित्रही हेच सांगतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या अहवालांत बलात्काराच्या शंभर प्रकरणांतल्या पंच्याण्णवहून जास्त प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. घरातला, भावकीतला, शेजारचा, मालक, मित्र. अशा माणसासाठी शाळेपासून फूट मोजून उपयोग नाही.

अमेरिकी कायद्यातली आणखी एक उणीव खेड्यातल्या माणसाच्या चटकन लक्षात येईल. बहुतेक ठिकाणी अंतर मोजलं ते शाळेपासून, जिच्यावर अत्याचार झाला तिच्या घरापासून नव्हे. गावात खरा पेच तिथंच असतो. दोन्ही घरं एकाच आळीत, पाण्याचा नळ एक, एसटीचा थांबा एक. तो परत आला की शाळा सोडायची वेळ पोरीवर येते, आणि 'झालं गेलं विसरा' म्हणायला चार माणसं पोरीच्या बापाकडे जातात.

भारतात सुटलेल्या गुन्हेगारानं कुठं राहावं यावर असा अंतराचा कायदा नाही. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यात ४ लाख ४० हजारांच्या आसपास नावं होती. पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसते, मोबाईलवर उघडून पाहता येत नाही. त्यामुळं 'ही घ्या यादी' म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो फिरले तर ते सरकारी यादीतले आहेत असं समजू नये. ग्रामसभेनं ठराव करून कुणाला गावबंदी करणंही कायद्यात बसत नाही. राहण्याचा हक्क घटनेनं दिला आहे, तो कायद्यानंच रोखता येतो. तडीपारी हा तसा कायदेशीर मार्ग, पण ती पोलीस आणि प्रशासनाच्या हातात, आणि जास्तीत जास्त दोन वर्षांची.

तरी हात अगदीच रिकामे नाहीत. गंभीर गुन्ह्यात आधी शिक्षा झालेला माणूस पुन्हा तशाच गुन्ह्यात दोषी ठरला, तर सुटकेनंतर पाच वर्षांपर्यंत त्यानं आपला पत्ता कळवत राहावं, असा आदेश शिक्षा देतानाच कोर्ट देऊ शकतं. ही तरतूद जुनीच आहे. खटला चालू असताना तर जास्त करता येतं. सोळा वर्षांखालच्या मुलीवरील बलात्काराच्या प्रकरणात जामिनाच्या सुनावणीला फिर्यादीनं किंवा त्यानं नेमलेल्या माणसानं हजर असणं बंधनकारक आहे. जामीन द्यायचाच असेल तर आरोपीनं गावात, तालुक्यात यायचं नाही, अशी अट तिथं मागता येते आणि कोर्टं ती घालतातही. अट मोडली तर जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो. अनेक घरांना ही तारीख कळतच नाही, कळली तरी मजुरी बुडेल म्हणून कुणी जात नाही. फिर्याद दिली त्या ठाण्यातल्या तपास अधिकाऱ्याचा आणि सरकारी वकिलाचा नंबर घेऊन ठेवला, तर तारीख विचारायला फेऱ्या माराव्या लागत नाहीत.

आणि ज्यांना घरातलं किंवा शेजारचं काही ठाऊक आहे त्यांच्यासाठी : पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती पोलिसांना देणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, लपवणं हा गुन्हा आहे. मुलांसाठीची हेल्पलाईन १०९८, पोलीस ११२.