मिठाची पुडी

गेल्या फेब्रुवारीत आम्ही उभयता श्रीलंकेला गेलो, तेव्हा आमच्या सामानात मिठाची एक पुडी होती. सिंहराजाच्या वर्षावनात जळवा फार; मीठ टाकले की त्या गळून पडतात, असा सल्ला तिकडे जाऊन आलेल्या एका स्नेह्यांनी दिला होता. सौभाग्यवतींनी पुडी बांधली खरी, पण "पाणी गाळून पिणारे आपण, अन् जिवावर टाकायला मीठ नेतो आहोत," एवढे बोलल्यावाचून त्यांना राहवले नाही. मी उत्तर टाळले.

कोलंबोहून रत्नपुरा, कलवाना या मार्गाने कुडावा या गावी पोहोचायला चार-साडेचार तास लागतात. तेथे वनखात्याचे तिकीट काढावे लागते आणि वाटाड्या बरोबर घेतल्यावाचून वनात प्रवेश मिळत नाही. आमचा वाटाड्या त्याच गावचा, चाळिशीतला, मोजके इंग्रजी बोलणारा. त्याचे आजोबा कितुलचा रस आटवून गूळ करीत. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड. त्याने प्रथम आम्हाला गुडघ्यापर्यंत येणारे जाड कापडी मोजे चढवायला लावले आणि मगच वाटेला लावले.

वाट पाहून मला नवल वाटले. एवढ्या घनदाट अरण्यात पायवाट असावी, तर हा चांगला रुंद रस्ता! विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, हा लाकूड वाहणाऱ्या लॉऱ्यांचा रस्ता." १९७० नंतरच्या काही वर्षांत प्लायवूडच्या कारखान्यासाठी येथे यंत्रांनी तोड चालली होती. लोकांनी व अभ्यासकांनी विरोध केला आणि १९७७ च्या सुमारास ती थांबली. पुढे १९८८ मध्ये युनेस्कोने या वनाला जागतिक वारशाचा मान दिला. येथील साठ टक्क्यांहून अधिक वृक्ष श्रीलंकेबाहेर कोठेही सापडत नाहीत.

मी थोडा मागे राहून चालू लागलो. बँकेत कर्ज विभागात असताना लाकडाच्या वखारींचे, प्लायवूडच्या कारखान्यांचे प्रस्ताव माझ्या टेबलावर येत. कच्च्या मालापुढे 'मुबलक उपलब्ध' असे लिहिलेले असे आणि मी त्याखाली सही करीत असे. हप्ते वेळेवर येतील का, तारण पुरेसे आहे का, हे मी बारकाईने पाहिले. ते लाकूड कोठून येणार, हे मात्र एकदाही विचारले नाही. अशाच एका कारखान्याची परतफेड इतकी चोख झाली की वरिष्ठांनी माझे कौतुक केले होते. त्या कौतुकाची आठवण तेथे, त्या रस्त्यावर व्हावी, हे बरे वाटले नाही.

वाटाड्याने थांबून दोन्ही बाजू दाखविल्या. तोड झालेल्या भागात सडपातळ, एकमेकांना खेटून वाढलेली झाडे होती. आत गेल्यावर कवेत न मावणारे बुंधे लागले आणि त्यांच्या माथ्यांपर्यंत दृष्टी पोहोचेना. सुमारे पन्नास वर्षांचा विसावा मिळूनही हा फरक माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होता. वनाच्या कडेला पाइनच्या लागवडी आहेत. त्यांच्या सावलीत मूळच्या वृक्षांची रोपे लावून वन परत आणता येते का, याचा अभ्यास पेरादेनिया विद्यापीठाच्या निमल व सावित्री गुणतिलके या प्राध्यापक दाम्पत्याने केला आहे. मध्येच नागकेशर भेटला. तो त्या देशाचा राष्ट्रवृक्ष.

तासभर वन निःशब्द होते. मग एकाएकी चहूकडून पाखरे आली! नारिंगी चोचीचे सातभाई पालापाचोळा आणि फांद्या हलवीत पुढे सरकत होते, त्यामुळे उडणारे किडे कोतवाल टिपत होता. वाटाड्या म्हणाला, ससाणा आला की ओरडून सावध करण्याचे काम कोतवालाचे. त्याच जथ्यात लाल चोचीचा, तांबूस डोक्याचा निळा मॅगपाय दिसला. पाच मिनिटांत सारे पुढे निघून गेले.

परतताना सौभाग्यवतींच्या मनगटावर जळू दिसली. मोजे पायांत होते, ही बहुधा पानावरून आली असावी. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि माझा हात पिशवीकडे गेला. "मीठ नको, सर," म्हणत वाटाड्याने जळूच्या निमुळत्या टोकाखाली नख सरकवून तिची पकड सोडविली, मग दुसऱ्या टोकाची, आणि तिला अलगद एका पानावर ठेवले. मिठाने ती मरते. शिवाय पोटातले जखमेत ओकते, असे त्याने सांगितले. रक्त बराच वेळ वाहिले, पण दुखले मुळीच नाही. जळूच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, एवढेच. सौभाग्यवतींनी जळूचे सिंहली नाव विचारून घेतले, 'कूडॅल्ला', आणि ते दोनदा म्हणून पाहिले.

जेथे उतरलो होतो तेथील गृहिणीने सूर्यास्तापूर्वी जेवण देण्याचे आनंदाने कबूल केले होते. कंदमुळे नकोत, हेही तिने समजून घेतले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा मसुरीचे वरण शिजत होते. सौभाग्यवती सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि पिशवीतली पुडी काढून त्यांनी तिच्या हाती दिली.