संस्थान कोणाला म्हणायचे?

‘पेशवेकालीन सांगली संस्थान’, ‘शिवकालीन फलटण संस्थान’ असे शब्दप्रयोग आमच्याकडे येणाऱ्या लेखांत वारंवार दिसतात. मोडी दप्तरांवर काम करणाऱ्यांनी तरी या बाबतीत सैल राहू नये, असे आम्हाला मनापासून वाटते.

शब्द जुनाच आहे. संस्कृतातल्या ‘सम्’ आणि ‘स्था’पासून आलेला, नीट वसलेली जागा सांगणारा. म्हणून तो राजाच्या गादीला लागला तसा देवाच्या गादीलाही लागला. शेगावचे संस्थान म्हटल्यावर कोणाला राजा आठवत नाही. मल्याळीत तर आजच्या केरळ राज्यालाही हाच शब्द आहे. हिंदीतली ‘रियासत’ वेगळ्या वाटेची. अरबी ‘रईस’ म्हणजे प्रमुख, त्याचे प्रमुखपण ती रियासत. गो. स. सरदेसायांच्या ‘मराठी रियासत’मध्येही रियासत म्हणजे राजवट, संस्थान नव्हे.

खरा गुंता १८१८ नंतरचा. त्याआधी सांगलीच्या पटवर्धनांकडे होता तो सरंजाम: फौज बाळगून चाकरी करायची, त्यासाठी मुलूख लावून दिलेला. धनी रुष्ट झाला तर तो जप्तही होई. भोरचे पंतसचिव, औंधचे पंतप्रतिनिधी हे छत्रपतींचे प्रधान. त्यांचा मुलूख पदाबरोबर आलेला. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी पटवर्धनांशी निराळे करार केले. भोर, औंध, फलटण, जत, अक्कलकोट ही घराणी सातारच्या छत्रपतींखाली राहिली आणि १८४८ मध्ये सातारा खालसा झाल्यावर थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली गेली. सरंजामदार, जहागीरदार आणि कोल्हापूरचे छत्रपती असे सगळे मग ‘संस्थानिक’ या एकाच सदरात बसले. ही मांडणी इंग्रजांच्या सोयीची होती. ती मागच्या शतकांवर लादली की वाचकाच्या डोळ्यांपुढे आखीव सरहद्द, दरबार आणि रेसिडेंट उभा राहतो. चाकरीचा करार, विखुरलेली गावे, जप्तीची भीती हे सारे पुसले जाते. आपल्या इतिहासाचे हे मोठे नुकसान आहे.

म्हणून यापुढे १८१८ पूर्वीच्या कागदांवरील लेखांत मूळ कागदातलाच शब्द छापला जाईल, मग तो सरंजाम असो, जहागीर, वतन, इनाम वा दौलत. कागदातच ‘संस्थान’ असेल तर तेही तसेच राहील. मात्र तिथे ते गाव, गादी, मठ की मुलूख, हे लेखकाने तळटीपेत स्पष्ट करावे आणि लिप्यंतरासोबत त्या ओळीची छायाप्रत जोडावी.