नेहमीच्या रिपोर्टात न दिसणारं



चाळिशीतल्या, सडपातळ, निर्व्यसनी माणसाला हृदयविकाराचा झटका आला की घरचे एकच विचारतात, ‘कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होतं ना?’ या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला हवं, असं आम्हांला मनापासून वाटतं. त्यासाठीच हा अंक.

सर्वाधिक पानं आम्ही लायपोप्रोटीन (ए)ला, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या आणि नेहमीच्या रिपोर्टात न दिसणाऱ्या एका कणाला दिली आहेत. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३मध्ये ते जगापुढे आणलं. त्याचं रक्तातलं प्रमाण मुख्यतः आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. पथ्य-व्यायामाने ते फारसं हलत नाही. (म्हणून पथ्य सोडायचं नाही! लायपोप्रोटीन (ए) वाढलेलं असेल, तर रक्तदाब, साखर, तंबाखू यांकडे अधिकच लक्ष हवं.) आपल्याकडे हा विषय का महत्त्वाचा? ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात पहिल्या झटक्याचं सरासरी वय दक्षिण आशियात सुमारे ५३, तर इतरत्र ५९ होतं. ही सहा वर्षं आम्हांला अस्वस्थ करतात. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानेही २०२४मध्ये लायपोप्रोटीन (ए)ची तपासणी आयुष्यात निदान एकदा करण्याची शिफारस केली आहे.

अपोबी (कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवरचं प्रथिन) आणि सीआरपी (शरीरातल्या दाहाची खूण) यांच्यावरही लेख आहेत. ट्रोपोनिन या प्रथिनाचा मात्र धावता उल्लेख, कारण तातडीच्या विभागात ते मुख्यतः हृदयाच्या स्नायूला झालेली इजा दाखवतं. आमचा रोख त्याआधीच्या वर्षांवर आहे. महागड्या ‘पॅकेजां’ची भलामण इथे नाही, कोणी, कधी, काय तपासावं एवढंच आहे.

तुमच्या घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर भावंडांची, मुलांची तपासणी झाली का? डॉक्टरांनी ती सुचवली होती का? आम्हांला जरूर कळवा. निवडक पत्रांना पुढच्या अंकात हृदयरोगतज्ज्ञ उत्तरं देतील.