मामा, भाचा आणि मागच्या जन्माचं कर्ज

तुमच्या घरात असं कुणी आहे का, ज्याच्याकडे बघून मोठी माणसं म्हणतात, "हा तर अगदी तोच, परत आलाय"? आमच्या घरात ती व्यक्ती मी आहे.

माझा धाकटा काका एकविसाव्या वर्षी काविळीने गेला. पुढच्या वर्षी माझा जन्म झाला. आजीने मला पहिल्यांदा मांडीवर घेतलं, कानामागचा तीळ बघितला आणि निकाल देऊन टाकला. तेव्हापासून मी तिच्यासाठी 'बाळ्या' आहे. मुलगी असूनही, पंचवीस वर्षांची झाले तरीही! काकाला खोव्याची जलेबी फार आवडायची. जबलपूरची ती काळपट, जाडजूड जलेबी तुम्ही खाल्ली असेल तर तिचे चाहते किती कट्टर असतात ते तुम्हाला ठाऊक असेल. मला ती मुळीच आवडत नाही. पण दर वाढदिवसाला माझ्यापुढे पाव किलोचा पुडा येतो आणि मी खाते.

मागच्या महिन्यात आजी बाथरूममध्ये घसरली. हाड मोडलं नाही, पण डॉक्टरांनी तीन आठवडे पलंगावरून उठायला बंदी केली. तिचा वेळ जावा म्हणून मी मोबाईलवर तिला जुने सिनेमे लावून द्यायचे. एका दुपारी म्हणाली, "आपल्या प्रेमनाथचा लाव ना तो, ज्यात तो बोलत नाही." म्हणजे 'कर्ज'.

'आपला' प्रेमनाथ का, ते आधी सांगते. प्रेमनाथ यांचं कुटुंब पेशावरहून आलेलं, पण जबलपूरकरांसाठी ते इथलेच. इथलं एम्पायर टॉकीज त्यांच्या मालकीचं होतं. विद्यार्थी असताना विनातिकीट घुसले म्हणून त्यांना तिथून बाहेर काढलं होतं, आणि पुढे नट झाल्यावर त्यांनी ते थिएटरच विकत घेतलं, अशी गोष्ट आमच्या शहरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. खरी असो वा रंगवलेली, आजीच्या तोंडून मी ती शंभरदा ऐकली आहे. आता तिथे सिनेमा लागत नाही. पण आजीच्या बोलण्यात अजूनही पत्ता असतो, "एम्पायरपासून पुढे."

प्रेमनाथ यांची बहीण कृष्णा. 1946 मध्ये रीव्याला तिचं राज कपूरशी लग्न झालं आणि ऋषी कपूर हा तिचा मुलगा. म्हणजे 1980 साली आलेल्या सुभाष घईंच्या 'कर्ज'मध्ये सूड घेणारा नायक मॉन्टी आणि त्याच्या मागच्या जन्मातल्या खुनाचा सूत्रधार सर जूडा हे पडद्याबाहेर सख्खे मामा-भाचे! सर जूडा तोंडाने एक शब्द बोलत नाही. ग्लासवर बोटांनी टकटक करतो आणि शेजारचा माणूस त्याचा अर्थ सांगतो. न बोलता एवढी भीती वाटायला लावणारा खलनायक मी तरी दुसरा पाहिला नाही.

कथा बहुतेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगते. रवी वर्मा कोर्टात सर जूडाविरुद्धचा खटला जिंकतो. आईला फोन करून लग्नाची बातमी देतो. ज्या कामिनीशी लग्न करतो ती सर जूडाने पाठवलेली असते. डोंगरातल्या रस्त्यावर, कालीमातेच्या छोट्या देवळाजवळ, ती त्याला जीपने दरीत ढकलते. त्याच्या आई-बहिणीला घराबाहेर काढलं जातं. मग काही वर्षांनी मॉन्टी नावाचा लाडका गायक गिटारवर एक धून वाजवतो आणि त्याच्या डोळ्यांपुढे कुणा दुसऱ्याचाच मृत्यू यायला लागतो. लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांना या सिनेमाच्या संगीतासाठी फिल्मफेअर मिळालं. 'एक हसीना थी' हे गाणं तर सरळ खुनाची कैफियतच आहे.

ही कथा मुळात अमेरिकेची. मॅक्स एर्लिक यांची 'द रीइन्कार्नेशन ऑफ पीटर प्राउड' ही कादंबरी सत्तरच्या दशकातली, आणि 1975 मध्ये तिच्यावर जे. ली थॉम्प्सन यांनी सिनेमा काढला. पटकथा एर्लिक यांनी स्वतःच लिहिली होती. त्यावरूनच 'कर्ज' सुचला असं सर्रास म्हटलं जातं. मी बीएला असताना ही कादंबरी वाचली ती 'कर्ज'चं मूळ म्हणूनच, आणि वाचून हादरले. कारण सांगाडा तोच असला तरी आतली गोष्ट भलतीच आहे.

पीटर प्राउड हा लॉस एंजेलिसचा प्राध्यापक. त्याला पुन्हा पुन्हा एकच स्वप्न पडतं: रात्रीचं तळं, पोहणारा माणूस, होडीतली बाई आणि तिच्या हातातलं वल्हं. शोध घेत तो मॅसॅच्युसेट्सला पोहोचतो. ती बाई जिवंत असते, म्हातारी होत चाललेली, दारूत बुडालेली. तिची मुलगी तरुण असते, आणि पीटर तिच्याच प्रेमात पडतो. म्हणजे मागच्या जन्मातल्या स्वतःच्या मुलीच्या! शेवटी तो त्याच तळ्यात पोहायला उतरतो आणि तीच बाई त्याला दुसऱ्यांदा मारते. न्याय नाही, सूड नाही, काही नाही. तिथे मागचा जन्म म्हणजे पाठ न सोडणारा शाप आहे.

आता 'कर्ज'मध्ये काय बदललं ते बघा. मुलीचं ते अवघड नातं पूर्ण काढून टाकलं. नायिका टीना कामिनीच्या आश्रयाला वाढलेली आहे, पण तिची मुलगी नाही. आणि तिच्या जागी मध्यभागी कोण आली? आई. मारलेल्या मुलाची वाट बघणारी, कालीमातेकडे हट्ट धरून बसलेली आई. ही भूमिका दुर्गा खोटे यांची. 1932 च्या 'अयोध्येचा राजा'तली तारामती, 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई आणि इथे पंचाहत्तरीतली शांतादेवी. आजी खोटेबाईंचा प्रसंग आला की बोलणं थांबवते.

नावही बघा ना, 'कर्ज'. सूड नाही, शाप नाही, कर्ज. आपण लग्नपत्रिकेत आणि निरोपसमारंभात 'ऋणानुबंध' किती गोड आवाजात म्हणतो! पण त्या शब्दाची सुरुवातच ऋणाने होते. कुणाचं तरी काही द्यायचं राहिलंय म्हणून पुन्हा गाठ पडते, असा त्याचा अर्थ.

मला लहानपणापासून छळणारा प्रश्न इथेच आहे. मॉन्टी फेडतो ते कर्ज त्याचं आहे का? खून रवीचा, आई रवीची. मॉन्टीचं स्वतःचं आयुष्य, त्याची गाणी, त्याचे चाहते मध्यंतरानंतर कुठे जातात? सिनेमाने एक सोय मात्र हुशारीने करून ठेवली: मॉन्टीला अनाथ केलं. त्याला स्वतःची आई असती तर तिने काय म्हटलं असतं?

आमच्याच भागातली एक प्रसिद्ध केस आहे. पन्न्याची तीन वर्षांची मुलगी वडिलांबरोबर जबलपूरहून परत जात होती. कटनीत तिने ड्रायव्हरला गाडी 'आपल्या घराकडे' वळवायला सांगितलं. तिच्या बोलण्यावरून पुढे ती कटनीच्या एका घरातल्या वारलेल्या बाईची आठवण सांगते, असं ठरलं. इयन स्टीव्हन्सन या मानसोपचारतज्ज्ञाने 1966 च्या आपल्या पुस्तकात वीस केसेस दिल्या, त्यात ही आहे. त्या घरातल्या भावांनी तिला बहीण मानलं. अशा केसेसवर आक्षेपही आहेत. मोठी माणसं विचारतात तसं मूल बोलायला लागतं, हा त्यातला मुख्य. मी पुनर्जन्म मानते की नाही, हे मला खरंच सांगता येत नाही. पण ती केस वाचताना माझं लक्ष पन्न्याच्या घराकडे जातं. तिथे तिची जिवंत आई होती. लेक दुसऱ्या घराची आठवण काढून रडते तेव्हा त्या आईला काय वाटत असेल?

माझ्या आईने आजीला कधी उलटून उत्तर दिलं नाही. फक्त एकदा, मी सातवीत असताना, भांडी घासता घासता म्हणाली, "मग नऊ महिने मी कुणाला वाढवलं?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आजही पूर्ण सुचत नाही. आजीचं प्रेम खोटं नव्हतं. मला सगळ्या नातवंडांत जास्त मिळालं, हेही खरं. पण ते माझ्या नावावर आलेलं नव्हतं, दुसऱ्याच्या पत्त्यावरचं पार्सल मी सही करून घेत होते.

त्या दुपारी खोटेबाई मॉन्टीला मुलगा म्हणून जवळ घेतात तो प्रसंग आला. आजीने स्वतः बोट लावून सिनेमा थांबवला. बराच वेळ त्या गोठलेल्या चित्राकडे बघत राहिली.

"हिला मिळाला," म्हणाली.

मी काही बोलले नाही.

"तुला ती जलेबी आवडत नाही ना गं?"

आजीने मला 'गं' म्हटल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, "नाही आजी. कधीच नाही."

"सांगायचं नाही का मग? बाळ्याला फार आवडायची." तिने चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला. "लाव पुढचं. तो प्रेमनाथ शेवटी सुटतो की काय ते बघू."