लॅपटॉपच्या खोक्यावर एसएसडीचा खरा तपशील छापा

प्रति,
मा. श्री. प्रल्हाद जोशी,
केंद्रीय ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण मंत्री,
नवी दिल्ली

विषय : लॅपटॉपमधील एसएसडीची पूर्ण माहिती ग्राहकाला खरेदीआधी मिळावी



हे पत्र मी बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमधून लिहितो आहे. आपण धारवाडचे खासदार. कन्नडचे ज्ञानपीठविजेते कवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची बोली मराठी होती, हे धारवाडकरांना वेगळे सांगायला नको. म्हणून मराठीतून लिहिताना मला संकोच वाटत नाही. मागणीही नेमकी आहे. लॅपटॉप विकताना त्यातली एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारा ड्राइव्ह, कोणत्या जातीची, किती टिकणारी आणि बदलता येण्यासारखी आहे की नाही, हे ग्राहकाला पैसे देण्याआधी कळले पाहिजे. आज ते कळत नाही.

व्हाइटफील्ड हे १८८२ साली अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी वसवलेले छोटे गाव. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इथे आयटी पार्क उभा राहिला आणि गावाचा चेहराच पालटला. मार्च २०२३ पासून मेट्रोही येते. सकाळी काडुगोडीच्या स्टेशनवर उभे राहिले, तर पाठीवर लॅपटॉपची बॅग नसलेला माणूस शोधावा लागतो. पण इथला लॅपटॉप आता फक्त इंजिनिअरांचा राहिलेला नाही. इमारतीच्या वॉचमनची मुलगी डिप्लोमाला आहे, तिला तो लागतो. घरी शिकवण्या घेणाऱ्या बाईंना लागतो, किराणा दुकानदाराला जीएसटीच्या हिशेबासाठी लागतो. नवा परवडत नाही, म्हणून यांतले बरेचजण कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेला लॅपटॉप घेतात. एस. पी. रोडवर असे लॅपटॉप ढिगाने मिळतात आणि तिथून ते सगळ्या शहरात पसरतात.

सुट्टीच्या दिवशी आमच्या सोसायटीतले लोक आपापले लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येतात. तक्रार बहुतेक एकच असते : "दादा, जरा बघता का? घेतला तेव्हा पळत होता, आता फार स्लो झालाय." निपाणीकडच्या एका कुटुंबाने मुलासाठी घेतलेला लॅपटॉप असाच आला. एसएसडी २५६ जीबीची. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालेली, जेमतेम नऊ जीबी जागा उरलेली. बाहेरच्या ड्राइव्हवरून मी एक मोठी फाइल कॉपी करायला घेतली. खिडकीतला हिरवा आलेख क्षणभर वर गेला, मग कोसळला आणि तळाशी सरपटत राहिला. शेजारी उभ्या मुलाने विचारले, "व्हायरस आहे का?" व्हायरस नव्हता. दुकानदाराने त्यांना "फॉरमॅट मारा, नाहीतर नवीन घ्या" असे सांगितले होते. गरज दोन्हींची नव्हती.

असे का होते, हे थोडक्यात मांडतो. मागणीचे कारण त्यातच आहे.

एसएसडीत फिरणारी तबकडी नसते, फ्लॅश मेमरीच्या चिप असतात. तोशिबात काम करणाऱ्या फुजिओ मासुओका यांनी ऐंशीच्या दशकात ही नँड फ्लॅश जगापुढे आणली. तिच्यात लिहायचे ते साधारण १६ केबीच्या पानांवर, पण पुसायचे ते कित्येक एमबीचे अख्खे ब्लॉक. पाटीवरची एकच ओळ बदलायची, तर बाकीच्या ओळी आधी दुसऱ्या पाटीवर उतरवायच्या आणि मग सगळी पाटी पुसायची, तसा हा प्रकार आहे. हे काम ड्राइव्हमधला कंट्रोलर गुपचूप करत असतो. रिकामी जागा भरपूर असेल तर त्याला हात-पाय पसरायला वाव मिळतो. ड्राइव्ह काठोकाठ भरला की प्रत्येक नव्या फाइलसाठी त्याला जुन्या मजकुराची हलवाहलव करावी लागते. वेग मंदावतो आणि झीजही वाढते.

दुसरे कारण कॅशचे. आजच्या बऱ्याच एसएसडींत एका पेशीत तीन किंवा चार बिट साठवतात. तीन बिटवाली टीएलसी, चार बिटवाली क्यूएलसी. चार बिट बसवले की जागा स्वस्त पडते, पण लिहिणे संथ होते आणि पेशी लवकर झिजते. हा संथपणा झाकण्यासाठी काही भाग तात्पुरता एका बिटच्या पद्धतीने वापरतात. हीच ती कॅश. जाहिरातीतला डोळे दिपवणारा वेग या कॅशचा असतो. मोठी फाइल लिहिताना कॅश भरली की खरा वेग उघडा पडतो. काही क्यूएलसी ड्राइव्ह तेव्हा जुन्या हार्ड डिस्कच्याही मागे जातात. शिवाय ड्राइव्ह जितका भरलेला, तितकी ही कॅश आखूड. निपाणीच्या त्या मुलाचा आलेख कोसळला तो यामुळेच.

यावर वापरणाऱ्याच्या हातातले उपाय आहेत आणि मी ते प्रत्येकाला सांगतो. ड्राइव्हची पंधरा-वीस टक्के जागा कायम मोकळी ठेवावी. फाइल डिलीट केली की ती जागा मोकळी झाल्याचे ड्राइव्हला कळवणारी ट्रिम ही सोय चालू आहे ना, ते पाहावे. विंडोजमध्ये ती २००९ च्या विंडोज ७ पासून आहे आणि "ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज" हे काम आठवड्याला आपोआप करते. जुन्या हार्ड डिस्कच्या सवयीने डीफ्रॅगची वेगळी सॉफ्टवेअर चालवू नयेत, त्याने नुसती झीज वाढते. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून वापरू नये. ड्राइव्ह फार तापला की स्वतःच वेग कमी करतो. बॅटरी मेलेला लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालवत असाल, तर व्हाइटफील्डमध्ये वीज जाण्याचे प्रकार लक्षात घेऊन आधी बॅटरी बदलावी. लिहिता लिहिता वीज गेली तर डेटा बिघडू शकतो. ड्राइव्हचे फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतले सॉफ्टवेअर, अद्ययावत ठेवावे. सॅमसंगच्या ८४० इव्हो या ड्राइव्हवर जुना डेटा वाचताना वेग घसरत असे. तो दोष कंपनीने २०१४ आणि २०१५ मध्ये नवे फर्मवेअर देऊन सावरला. आणि बॅकअप तर हवाच.

त्या मुलाच्या लॅपटॉपवरचे जुने व्हिडिओ आम्ही बाहेरच्या डिस्कवर हलवले, साठ जीबी मोकळे केले, ट्रिम चालवले आणि रात्रभर लॅपटॉप चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी तीच फाइल सरळ रेषेत कॉपी झाली. कुटुंबाचा नव्या लॅपटॉपचा खर्च वाचला.

पण मंत्रिमहोदय, ग्राहकाने कितीही काळजी घेतली तरी खोक्यात काय आले आहे हे त्याच्या हातात नसते. आपण कोणतेही दुकान किंवा संकेतस्थळ पाहा. लॅपटॉपच्या तपशिलात "५१२ जीबी एसएसडी" एवढेच असते, फार तर पुढे "एनव्हीएमई" असा एक शब्द. टीएलसी की क्यूएलसी, त्याचा पत्ता नाही. आयुष्यभरात किती डेटा लिहिता येईल याची हमी, म्हणजे टीबीडब्ल्यू, नाही. हा फरक किरकोळ नाही. सुट्या विकल्या जाणाऱ्या ५०० जीबीच्या दोन ड्राइव्हचीच उदाहरणे घ्या. सॅमसंग ९७० इव्हो प्लसला कंपनीने ३०० टीबी लिहिण्याची हमी दिली, तर क्रुशियल पी३ ला ११० टीबीची. आकार तोच, टिकाऊपणाची हमी जवळजवळ एक-तृतीयांश. रोज ४० जीबी लिहिणाऱ्याला ११० टीबीही सात वर्षे पुरतील, हे खरे. पण दोहोंतला कोणता ड्राइव्ह विकत घ्यायचा, हे ठरवण्याचा अधिकार ग्राहकाचा आहे. सुटा ड्राइव्ह घेणाऱ्याला हा आकडा वाचता येतो, लॅपटॉप घेणाऱ्याला येत नाही.

स्वस्त लॅपटॉपची अवस्था तर याहून बिकट. विद्यार्थ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काहींत ६४ जीबीची ईएमएमसी चिप मदरबोर्डवर थेट सोल्डर केलेली असते. विंडोज ११ ची किमान अटच ६४ जीबीची. म्हणजे लॅपटॉप घरी येतो तोच भरलेला आणि साठवण वाढवायला चिप काढताही येत नाही. आईबापांना हे सांगतो कोण?

सुटे भाग गुपचूप बदलण्याचे प्रकारही जगजाहीर आहेत. २०२१ मध्ये क्रुशियल पी२ या ड्राइव्हमध्ये नाव न बदलता टीएलसीऐवजी क्यूएलसी मेमरी येऊ लागल्याचे उघड झाले. त्याच सुमारास वेस्टर्न डिजिटलच्या ब्लू एसएन५५० मध्ये मेमरी बदलल्याने कॅश संपल्यानंतरचा वेग घटल्याचे दिसले. त्यानंतर त्या कंपनीने जाहीर केले की, छापील गुणधर्मांवर परिणाम होत असेल तर पुढे मॉडेल क्रमांकच नवा दिला जाईल. २०२२ मध्ये अॅपलच्या एम२ चिपच्या लॅपटॉपमध्ये, २५६ जीबीच्या प्रकारात दोनऐवजी एकच मेमरी चिप आल्याने वाचण्याचा वेग आधीच्या पिढीच्या जवळजवळ निम्मा भरला. तिन्ही वेळा हे ग्राहकाला खोक्यावरून कळले नाही. स्वतंत्रपणे चाचण्या करणाऱ्यांनी ते शोधून काढले.

यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता, दर्जा आणि किंमत जाणून घेण्याचा हक्क ग्राहकाला दिलेलाच आहे. आपल्याच खात्याने २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या वेष्टनावरील काही माहिती क्यूआर कोडद्वारे देण्याची मुभा दिली. म्हणजे खोक्यावर जागा नाही, ही सबब उरलेली नाही. २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्ती निर्देशांकासाठी, म्हणजे वस्तू किती सहज दुरुस्त होते हे सांगणाऱ्या गुणांकासाठी, समिती नेमली गेली आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. त्याचा भर मोबाइल आणि टॅब्लेटवर आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून असा निर्देशांक लागू केला, तेव्हा पहिल्याच यादीत लॅपटॉप होता. आपल्याकडेही तो असायला हवा.

म्हणून आपल्याकडे चार मागण्या करतो.

एक. प्रत्येक नव्या लॅपटॉपच्या क्यूआर कोडमध्ये आणि विक्रीच्या पानावर साठवणीचा प्रकार (टीएलसी, क्यूएलसी, ईएमएमसी), टीबीडब्ल्यूची हमी आणि कॅश संपल्यानंतरचा लिहिण्याचा वेग देणे सक्तीचे करावे. नुसता "अमुक एमबी प्रति सेकंदापर्यंत" हा दावा अपुरा मानावा.

दोन. ड्राइव्ह सोल्डर केलेला आहे की स्लॉटमध्ये आहे, आणि स्लॉट असल्यास त्यात कोणत्या मापाची एम.२ पट्टी बसते, हे लिहावे. ग्राहकाने किंवा गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने ड्राइव्ह बदलला म्हणून बाकीच्या लॅपटॉपची वॉरंटी नाकारता येणार नाही, असे स्पष्ट करावे.

तीन. वेग किंवा टिकाऊपणा घटेल असा सुटा भाग बदलला तर मॉडेल क्रमांक बदलणे बंधनकारक करावे.

चार. जुने लॅपटॉप विकणाऱ्या व्यापाऱ्याने ड्राइव्हच्या आरोग्याचा अहवाल बिलासोबत द्यावा. एनव्हीएमई ड्राइव्ह किती टक्के वापरला गेला, किती डेटा लिहिला गेला, राखीव जागा किती उरली, याची नोंद स्वतःच ठेवतो. तो अहवाल काढायला दोन मिनिटेही लागत नाहीत. एस. पी. रोड असो की मुंबईचा लॅमिंग्टन रोड, कमी पैशांत लॅपटॉप घेणाऱ्यालाच या आकड्यांची सर्वांत जास्त गरज असते.

या मागण्यांना आता घाईही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि चालते लॅपटॉप मोठ्या प्रमाणावर भंगाराच्या वाटेला लागण्याचा धोका निर्माण झाला. त्यांतले कितीतरी नवी एसएसडी आणि लिनक्स घालून शाळकरी मुलांच्या कामी येऊ शकतात, पण ड्राइव्ह बदलता येतो हे माहीत असेल तरच. शिवाय सॅमसंग आणि सॅनडिस्क यांची मेमरीवर काम करणारी संशोधन केंद्रे याच बेंगळुरूत आहेत. साणंदमधल्या मायक्रॉनच्या मेमरी प्रकल्पाला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. ज्या देशाला मेमरी घडवायची आहे, त्या देशातल्या ग्राहकाला आपण विकत घेतलेली मेमरी कोणती, हे विचारावे लागू नये.

दुरुस्ती निर्देशांकाच्या पुढच्या टप्प्यात लॅपटॉपचा समावेश करून एसएसडीला त्यातला प्राधान्याचा सुटा भाग ठरवावे आणि वेष्टनावरील माहितीच्या नियमांत वरील तपशिलांची भर घालावी, ही विनंती. मसुदा जनतेच्या सूचनांसाठी खुला झाला, तर व्हाइटफील्डमधून मी आणि माझ्यासारखे दुरुस्तीत रमणारे अनेकजण आपली निरीक्षणे, आकड्यांसह, खात्याकडे जरूर पाठवू.

कळावे,
आपला विश्वासू,
एक लॅपटॉपधारक ग्राहक
व्हाइटफील्ड, बेंगळुरू