जीप उंच केली, पण कोन कोण मोजणार?

मंडळी, जुन्या जीपा उंच करून मिरवायचं फॅड आपल्या तालुक्यातही आलंय. मीही त्यातलाच, कबूल करतो. उंच कमानपाटे, मोठे टायर घातले आणि चार महिन्यांत मागच्या प्रोपेलर शाफ्टचे दोन क्रॉस गेले. गॅरेजवाल्याचं एकच पालुपद, "माल डुप्लिकेट हाय, भाऊ."

माल नव्हे, कोन चुकला होता! गाडी उचलली की शाफ्ट जास्त तिरका होतो. क्रॉस तिरका फिरला की प्रत्येक फेऱ्यात शाफ्टचा वेग दोनदा कमी-जास्त होतो. पुढच्या-मागच्या दोन्ही क्रॉसचा कोन सारखा असेल, तरच एकाचा हिसका दुसरा जिरवतो. म्हणजे गिअरबॉक्सकडचा शाफ्ट आणि मागचा पिनियन समांतर हवेत; कोन साधारण 1 ते 3 अंश, दोन्हींतला फरक 1 अंशाच्या आत. मोजायचं ते गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर लटकवून नाही. चुकलं तर पाटा आणि हाऊसिंगच्या मध्ये पाचर. बस्स!

कोनमापक काही शे रुपयांत मिळतो. हजारोंचं बिल फाडणाऱ्याकडे तो का नसावा? घाटाच्या उतारावर हा शाफ्ट तुटला, तर गिअरात असूनही गाडी धरत नाही. तेव्हा कुणाला "डुप्लिकेट" म्हणणार?

आणि मुळात मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असे मनमानी बदल करूच देत नाही. माझी जीप मी परत मूळ उंचीवर आणली. तुमचं काय?