चिमटा कुणाच्या हातात?

आपल्या कवितेत रक्त लई सांडतं. मोर्च्यातलं, रस्त्यावरचं, खैरलांजीचं. सांडायलाच पाहिजे. पण बाळंतपणाच्या खोलीतल्या रक्तावर आपल्यापैकी किती पोरांनी एक ओळ लिहिलीय? आत बाई अडलीय आणि आपण दाराबाहेर तंबाखू मळत उभे. म्हणे, बायकांचं काम हाय. का बे, पोर तुझं नाही काय?

लिहिलं ते एका पोरीनं. १८५५ साली. क्रांतिबा आणि सावित्रीमाईंच्या शाळेत शिकलेली चौदा वर्षांची मुक्ता साळवे. मांग-महारांच्या दुःखाचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. त्यात तिनं भटांना विचारलं, की आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, त्यांचे हाल तुम्हाला कळतात काय? आज छप्पर आहे. स्लॅबचं आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली शंभरातली जवळजवळ पंच्याण्णव बाळंतपणं दवाखान्यात झाली. छप्पर मिळालं, पण मुक्ताचा सवाल अजून उत्तराविना पडलाय.

आणि गंमत बघा. गावोगावी सुईण कोण होती? मांगवाड्यातली म्हातारी. सवर्णांची पोरं तिच्याच हातावर जगात आली. नाळ तिनं कापायची, घाण तिनं उचलायची, आणि काम झालं की तीच बाई पुन्हा उंबऱ्याच्या बाहेर. तिच्या हातात अक्कल होती, पण पोर अडलं तर हत्यार नव्हतं. हत्यार दुसऱ्याच्या पेटीत होतं.

हे मी अलंकार म्हणून म्हणत नाही. खरंच पेटीत होतं. इंग्लंडात चेंबरलेन नावाचं डॉक्टर घराणं होतं. अडलेलं पोर जिवंत बाहेर काढायचा चिमटा त्यांनी शोधला, सतराव्या शतकात. आणि लपवला! शंभराहून जास्त वर्षं, बापाकडून पोराकडं, घरातल्या घरात. सांगतात की सोनेरी पेटीतून आणायचे, बाईचे डोळे बांधायचे, बाकीच्यांना बाहेर काढायचे. १६७० साली त्यातला ह्यू चेंबरलेन पॅरिसला गुपित विकायला गेला. तिथल्या मोरिसो डॉक्टरनं त्याच्यापुढं हाडं वाकडी असलेली अडलेली बाई ठेवली. तीन तास ओढलं. निघालं नाही. बाई मेली. सौदा फिसकटला. पुढं १८१३ साली त्यांच्या जुन्या घराच्या फळ्यांखाली ते चिमटे सापडले. इतकी वर्षं बाया मरत होत्या आणि इलाज फळीखाली! ज्ञान दाबून ठेवणारी जात फक्त आपल्याच देशात जन्मते असं मानायचं कारण नाही.

आता माझ्या धंद्याची भाषा बोलतो. मी गोदीत कंत्राटावर. दहावी पास. क्रेनला माल लावायचा तर आमच्या टोळीचे नियम आहेत. बोजा किती, तोल कुठं, स्लिंग नीट बसली का, खाली कोण उभा आहे, हे बघितल्याशिवाय सिग्नल नाही. स्लिंग निसटली तर परत लावतो. पुन्हा पुन्हा निसटली तर टिंडल हात आडवा करतो. बंद. दुसरा मार्ग.

चिमट्याचं आणि व्हॅक्यूमचं शास्त्र असंच आहे. पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं पाहिजे. पाणी गेलेलं पाहिजे. डोकं खाली उतरलेलं पाहिजे, ते कुठल्या बाजूला वळलंय हे हाताला कळलं पाहिजे. लघवी काढून घ्यायची. दुखणं मारायचं औषध द्यायचं. बाईला सांगायचं, तिची हो घ्यायची. बाळ चौतीस आठवड्यांच्या आतलं असेल तर व्हॅक्यूमची वाटी लावायचीच नाही. कळ येईल तेव्हाच ओढायचं. दोन-तीनदा वाटी निसटली, डोकं सरकेना, तर हट्ट सोडायचा आणि सिझरला न्यायचं. म्हणून ऑपरेशनची सोय जवळ असल्याशिवाय हा खेळ मांडायचा नाही.

गेल्या साली माझी धाकटी बहीण सोलापुरात बाळंत झाली. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जायची, अंगात रक्त कमी. मी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रातोरात पोचलो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. दोन तास जोर देऊन पोरगी संपली होती. एक बाई तिच्या पोटावर कोपर टेकवून दाबत होती, दुसरी म्हणत होती, आता कशाला बोंबलतीस, तेव्हा गोड लागलं ना? मग कुणीतरी व्हॅक्यूम लावला. पोर आलं. डोक्यावर हा एवढा फुगा. आमच्या म्हातारीनं छाती बडवून घेतली, डोकं ओढून फोडलं माझ्या नातवाचं! दोन दिवस काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी एका शिकाऊ पोरीनं जिन्यात सांगितलं, बाळाचे ठोके पडत होते, पाच मिनिटं उशीर झाला असता तर गेलं असतं.

म्हणजे व्हॅक्यूमनं भाचा वाचवला. मग हे आधी का नाही सांगितलं? दोन वाक्यं होती. आमच्या तोंडाकडं बघून त्यांनी ठरवलं, यांना काय कळतंय.

कोपर मात्र कुठल्याच शास्त्रात बसत नाही. बाळ बाहेर काढायला पोट दाबू नका असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ च्या शिफारशीत छापलंय. सरसकट काप देऊन टाके घालू नका, हेही छापलंय. आपल्या बायकांच्या अंगावर हे दोन्ही चालूच आहे.

धोके मी लपवणार नाही, चेंबरलेनचा धंदा मला करायचा नाही. चिमट्यानं मायांग फाटतं, कधी गुदद्वारापर्यंत. मग शी-लघवीवरचा ताबा जातो, आणि आपल्या बाया ते लाजेनं वर्षानुवर्षं लपवतात. बाळाच्या गालावर वळ उठतात, क्वचित तोंडाची एक बाजू लुळी पडते, बहुतेकदा ती आपोआप सुधारते. व्हॅक्यूमनं डोक्यावर रक्ताची गाठ येते, काही आठवड्यांत जिरते, काविळीवर मात्र नजर ठेवावी लागते. एक गोष्ट भीतीची आहे. सूज मऊ पाण्यासारखी हलायला लागली, मानेकडं-कानाकडं पसरली, पोर पांढरं पडलं, तर कातडीखाली रक्तस्राव चालू आहे. विरळ आहे, पण जीव घेतो. तेव्हा तांब्याभर पाणी ओवाळत बसू नका. ओरडा, डॉक्टरला ओढून आणा. आणि चिमट्यानं काढलेलं पोर मंद निघतं ही वस्तीतली अफवा गटारात टाका.

'त्यापेक्षा सिझर बरं' म्हणणारे शहाणे आता वाढलेत. त्याच पाहणीत देशातल्या खासगी दवाखान्यांत शंभरातली सत्तेचाळीस बाळंतपणं सिझरनं, सरकारी दवाखान्यांत चौदा. खासगीत जाणाऱ्या बायकांची हाडं वेगळी असतात काय? गरजेचं सिझर जीव वाचवतं, त्याला माझा सलाम. पण डोकं खाली उतरून बसल्यावर पोट फाडणं सोपं नसतं. डोकं उलट वर काढावं लागतं, गर्भाशय फाटतं, रक्त जातं, आणि पुढच्या खेपेला तो व्रण डोक्यावर बसतो. तिथं शिकलेल्या हातातला चिमटा बाईला दहा दिवसांत कामावर उभी... थांबा, हे मी मालकाच्या तोंडचं बोलतोय. तिला दहा दिवसांत कामावर पाठवणाऱ्याच्या कानाखाली काढा. बाळंतिणीला पगारी विश्रांती मिळावी म्हणून बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात बोलले होते.

हात शिकवायला वेळ लागतो, सुरी लवकर चालते आणि बिलही मोठं होतं. म्हणून चिमटा शिकवणारे कमी होत चाललेत. अर्जेंटिनात होर्हे ओडोन नावाच्या मोटार मेकॅनिकनं बाटलीत अडकलेलं बूच प्लॅस्टिकच्या पिशवीनं बाहेर काढायची युक्ती बघितली आणि त्यावरून पोर सोडवायचं नवं साधन सुचवलं. डॉक्टरांनी ते हसून उडवलं नाही, तपासायला घेतलं. ग्रीसच्या हातालाही अक्कल असते, साहेब.

आता आपण काय करायचं? २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण फुकट आहे, सिझरसकट, औषधासकट, रक्तासकट. २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात बाळंतिणीजवळ सोबतीण ठेवायची, हे सरकारनंच लिहिलंय. बुधवार पेठेत, विडी घरकुलात, मोदीखान्यात हे भिंतीवर रंगवा. आणि सातव्या महिन्यातच जाऊन विचारा: रात्री दोन वाजता चिमटा-व्हॅक्यूम लावणारा कोण असतो? सिझरची सोय इथंच आहे की दुसरीकडं पाठवता? दुखणं मारायला काय देता? आत माझी आई थांबेल ना? कोण हाकलायला लागलं तर चार पोरं नेऊन पुन्हा विचारा. नीट आवाजात. कागदावर.